बाळ येईपर्यंत बसलेला गणपती

आमच्या घरी बाई पोटुशी असेल तर त्या वर्षी गणपती पाण्यात घालत नाहीत. पाचव्या दिवशी सगळ्या गावाचे गणपती खाडीवर जातात, आमचा मात्र मखरातच बसून राहतो. बाळ जन्मलं, बारसं झालं, सव्वा महिना उलटला की मग त्याला वाजतगाजत न्यायचं, अशी रीत. माझं माहेर म्हसळ्याकडचं, तिथेही हेच करतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. आठ वर्षांनी मला पुन्हा दिवस राहिले होते आणि माझ्यासाठी देवाने मुक्काम वाढवला होता. कुणाला आवडणार नाही?

त्या वर्षी तो जवळजवळ तीन महिने बसला.

मी लिहितेय ते गरोदरपणातल्या ब्लडप्रेशरबद्दल. पण डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही आणि कळल्याचा आवही आणणार नाही. ज्या बायका दवाखान्यातून रिकाम्या ओटीने घरी आल्या त्यांच्यासाठी लिहितेय, आणि आत्ता ज्यांचं डोकं दुखतंय आणि ज्या कुणाला सांगत नाहीत त्यांच्यासाठी. मी तशी तोंडाळ म्हणून गावात प्रसिद्ध आहे. रेशन दुकानात, शाळेच्या सभेत, नळावर, भांडायला मी पुढे. आणि नेमकं जे एक वाक्य बोलायला हवं होतं तिथे माझ्या तोंडाला कुलूप.

घरची माणसं

पेण आणि उरणच्या मधे, खाडीकाठी आमचं गाव. सासरच्यांची पूर्वी मिठागरं होती, आता कुणी मीठ पिकवत नाही. माझा नवरा संदेश न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. कंटेनर घेऊन गेला की चार-चार दिवस घरी नसतो. घरात मी, सासूबाई आणि तिसरीतली रिद्धी. सासूबाईंना मी आईच म्हणते.

माझं डी.एड. झालंय, नोकरी काही लागली नाही. ओटीवर गावातल्या चौदा पोरांची शिकवणी घेते. पोरांना माझी गणितं नको असतात, त्यांना माझा कात्री-कागद हवा असतो. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला बाई सांगतात ‘घरून करून आणा’, आणि मग सगळं गाव माझ्या ओटीवर. मुलांच्या हातात कागद दिला की ती जे तोंडाने सांगत नाहीत ते करून दाखवतात, असं मी त्यांच्या आयांना मोठ्या तोऱ्यात सांगायचे. आपल्याच पोरीचं मात्र मला वाचता आलं नाही.

रिद्धीला काळजी अशी, की पाच दिवसांचे कपडे घेऊन आलेला पाहुणा इतके दिवस राहिला तर कंटाळेल. म्हणून दर शनिवारी ती बाप्पासाठी काहीतरी करायची. जुन्या लग्नपत्रिकांची छत्री केली. उंदराला मोज्याची गोधडी शिवली. नवरात्रात बाप्पाच्या पुढच्या दोन्ही हातांना सोनेरी कागदाच्या लांब बाह्या घातल्या. मी म्हटलं, अगं, ऑक्टोबरच्या उकाड्यात बाह्या कशाला? तर म्हणे, पुढे थंडी येईल. आम्ही सगळे हसलो.

आणि आई रोज दिवा लावताना एक वाक्य बोलायच्या. “देव घरान बसलाय तुझ्यासाठी, बाय. तुला काय होनार न्हाय.”

ते वाक्य मला फार आवडायचं.

चुकवलेली तारीख

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात माझी तपासणीची तारीख होती. आरोग्य केंद्राच्या आशाताईने कार्डावर लिहून दिली होती, शिवाय आठवणही करून दिली होती. त्याच दिवशी ओटीवर कंदील बनवायचे ठरले होते. चौदा पोरं, प्रत्येकाने आपला कंदील आपण करून घरी न्यायचा. कामट्या तासून ठेवल्या होत्या, पतंगाचा कागद आणला होता, पातेलंभर खळ शिजवली होती.

पाय इतके सुजले होते की चप्पल चढत नव्हती. डोकं दोन दिवस ठणकत होतं. खाली वाकलं की डोळ्यांपुढे चमकायचं. मला वाटलं, उन्हात चमकी कागद कापतेय म्हणून असेल. सूज तर काय, सगळ्यांनाच येते, सातव्या महिन्यात पाय बारीक कुणाचे असतात? दुपारी बारापर्यंत निघाले असते तरी दवाखाना उघडा होता. पण पोरांच्या कामट्या सुटत होत्या, एकीचं बोट कापलं, एकाचा कागद फाटला म्हणून तो रडत बसला. बारा वाजले, एक वाजला.

आई पेणच्या बाजारातून आल्या आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, जाऊन आलीस का दवाखान्यात. मी म्हटलं, “आले. सगळं ठीक आहे.”

खोटं बोलायला मला काही विचार करावा लागला नाही. नाही म्हटलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे वर्ग उठवला असता आणि मला रिक्षात घातलं असतं. अर्धवट कंदील घेऊन पोरं घरी गेली असती. एवढ्याशासाठी. आणि आत कुठेतरी होतंच की देव बसलाय घरात, आठ दिवसांनी गेलं तर काय बिघडतंय. मी देवाला बीपीचं मशीन समजले.

कंदील सुंदर झाले होते. चौदाच्या चौदा.

भाऊबीज

माझा भाऊ म्हसळ्याहून यायचा होता. सकाळी मी शिऱ्यासाठी रवा भाजत होते. रव्याचा वास आठवतो, मग काहीच नाही. पुढचं सगळं मला लोकांनी सांगितलेलं आहे. मला झटका आला, दातखीळ बसली, मी ओट्याखाली पडले. ते रिद्धीने पाहिलं. तिनेच आजीला हाक मारली. शेजाऱ्यांच्या व्हॅनमधून आधी तालुक्याला नेलं, तिथून पुढे नवी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात. भाऊ साडीची पिशवी घेऊन आला तेव्हा घराला कुलूप होतं.

शुद्धीवर नीट आले ती तिसऱ्या दिवशी. खोलीत मुद्दाम अंधार ठेवलेला. दंडाला पट्टा बांधलेला, तो दर पंधरा मिनिटांनी आपोआप आवळायचा आणि सुटायचा. पहिल्यांदा मला वाटलं कुणीतरी दंड धरून मला उठवतंय. मी पोटावर हात नेला. पोट बसलं होतं आणि त्यावर पट्ट्या होत्या.

संदेश पलंगाची कड धरून उभा होता. त्याने वाक्य तयार करून आणलं होतं, ते त्याच्या तोंडावरूनच कळत होतं. “तू वाचलीस, बस्स. मला अजून काय नको.”

मी विचारलं, “आणि?”

त्याने माझ्या पायांवरची चादर सारखी केली. मग त्याने सांगितलं की मुलगी होती. मला तिथे आणेपर्यंत ती पोटातच गेली होती. त्याने आणि माझ्या भावाने गावी नेऊन तिला खाडीच्या बाजूला पुरलं, जिथे लहान मुलांना ठेवतात तिथे. मी तिचं तोंड पाहिलं नाही. आजही कुणी विचारलं की मुलं किती, तर मी मनात दोन मोजते आणि तोंडाने एक सांगते.

दवाखान्यातले दिवस

दवाखान्यात दिवसाला वेळ नसतो, खेपा असतात. पट्टा आवळण्याची खेप, गोळ्यांची खेप, पिशवीतली लघवी मोजायची खेप, फरशी पुसायची खेप. मी त्या खेपांवर जगत होते. डॉक्टरांच्या खेपेची मला भीती वाटायची.

डॉक्टर एक तरुण मुलगी होती. माझ्यापेक्षा लहानच. पहिल्या दिवशी तिने विचारलं, शेवटचं बीपी कधी तपासलं होतं? संदेश शेजारी उभा होता. मी म्हटलं, आठवत नाही. तिने हातातलं कार्ड पाहिलं, त्या तारखेची रिकामी ओळ पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या पलंगाकडे गेली. दुसऱ्या दिवशी ती एकटी आली तेव्हा मी विचारलं, दहा दिवस आधी तपासलं असतं तर? तिने गळ्यातला स्टेथोस्कोप काढून हातात घेतला. मग म्हणाली, “खात्रीने नाही सांगता येणार. कदाचित लवकर कळलं असतं. तरीही वाचलीच असती असं नाही.” ती खरं बोलली, त्याबद्दल मी तिची आभारी आहे. पण त्या शेवटच्या दोन वाक्यांत मी दिवसभर येरझारा घालायचे.

मग मला साध्या वॉर्डात हलवलं. बाळंतिणींच्याच. जागा नव्हती, कुणाचा दोष नाही. शेजारच्या पलंगावरचं बाळ रडलं आणि माझा गाऊन पुढून भिजला. दूध आलं होतं. कुणाला प्यायला नव्हतं तरी शरीराला काय कळतं. मी इतकी गांगरले की सिस्टरला हाकही मारता येईना. वॉर्डातल्या मावशीने पाहिलं. तिने पडदा ओढला, जुन्या सुती साडीची पट्टी फाडून माझी छाती घट्ट बांधली आणि बांधता बांधता खाली मान घालून म्हणाली, “मीच न्हाणली होती तिला. केस होते दाट. कपाळावर आलेले.”

त्या आजारपणात मला कुणी काही दिलं असेल तर ते एवढंच. तिचं नावही मी विचारलं नाही. तुमच्या ओळखीत कुणाचं बाळ असं गेलं तर तिला धीर-बीर देऊ नका. बाळ पाहिलं असेल तर कसं होतं ते सांगा.

संदेश रोज येताना रिद्धीने केलेलं काहीतरी आणायचा. वहीच्या कागदाचं टोपडं. पाळण्यावर टांगायच्या पाच चिमण्या, चोची लाल खडूने रंगवलेल्या. चौथ्या दिवशी मी विचारलं, तिला सांगितलं नाहीस? तो म्हणाला, बाळ लहान आहे म्हणून काचेच्या पेटीत ठेवलंय असं सांगितलंय. मी त्याच्यावर चिडले. वॉर्डात होते म्हणून हळू आवाजात, पण चांगलीच चिडले. तो म्हणाला, तूच सांग मग घरी येऊन, माझ्याच्याने होत नाही. ट्रेलर चालवणारा, सहा फुटी माणूस, तो माझ्या पायाशी बसून चिमण्या परत पिशवीत भरत होता. त्या पिशवीत घालताना एका चिमणीची चोच दुमडली, ती त्याने बोटाने सरळ केली.

घर

बाराव्या दिवशी घरी आले. सुतकात शेजारच्या काकूंनी देवापुढे दिवा लावला होता. मी उंबरठा ओलांडला आणि समोर तो. मखरातली फुलं गेली होती, बाकी होता तसाच. छत्री, गोधडी, सोनेरी बाह्या. मी तोंड फिरवून आतल्या खोलीत गेले. पुढचे कित्येक दिवस मी मागच्या दाराने जा-ये केली, म्हणजे त्याच्यासमोरून जायला नको.

बघायला येणाऱ्या बायकांचं काय सांगू. कुणी म्हणे देव तारी त्याला कोण मारी, तू वाचलीस ना. कुणी म्हणे पालीच्या गणपतीला नवस बोल, पुढच्या खेपेला मुलगाच. एक जण म्हणाली, देवाची इच्छा. मी म्हटलं, देवाची अशी इच्छा होती तर त्याने दोन महिने आमच्याकडे बसून मोदक कशाला खाल्ले? तिने चहाचा कप अर्धा ठेवला आणि गेली. ती मनाने वाईट नाही. पण मला त्या दिवसांत चांगली माणसंच जास्त सहन होत नव्हती.

आणि आई. आई आमच्याबरोबर जेवायला बसेनात. भात घेईनात, उभ्या उभ्या अर्धी भाकरी. एकदा मी आतून ऐकलं, त्या माझ्या भावाला सांगत होत्या, मीच तिला बोलायची की देव बसलाय, तुला काही होणार नाही, माझ्या बोलण्यावर पोर निर्धास्त राहिली, माझ्या तोंडाला किडे पडोत. भाऊ त्यांची समजूत घालत होता. मधे फक्त एक पडदा होता. मी तो बाजूला करून बोलू शकले असते.

बोलले नाही. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं. त्यांच्या डोक्यावर बसलं तर माझ्या डोक्यावरचं कमी होईल असं वाटलं. कमी काही झालं नाही. रात्रंदिवस एकच चालायचं: एक वाजला होता, तरी गेले असते तर, पोरांना म्हटलं असतं उद्या या. ओटीवर कंदिलांच्या कागदाचे तुकडे अजून कोपऱ्यात होते. ते मी कुणाला झाडू दिले नाहीत आणि मी पण झाडले नाहीत. शिकवणी बंदच होती.

रात्रीचं बोलायचं तर संदेश घरी असला तरी आम्ही पाठीला पाठ लावून पडायचो. भांडण नव्हतं. काय बोलावं हेच कळत नव्हतं.

हात

भटजींनी सांगितलं, सुतक फिटलं, आता मूर्ती ठेवू नका. रविवार ठरला. दुपारी भरतीची वेळ होती. संदेशने पाट काढला, आईंनी हळदकुंकवाचं ताट केलं. आणि रिद्धी मखरापुढे उभी राहिली. मोठ्याने नाही, पण ठाम. बाळ आल्यावर बाप्पा जातो, आजीने सांगितलंय, आणि बाळ अजून पेटीत आहे.

संदेशने माझ्याकडे पाहिलं. आईंनी पाहिलं. सांगायचं मला होतं, आणि तेही लगेच, कारण पाणी चढायला लागलं होतं. मी तिला म्हटलं, इथे ये, बस माझ्याजवळ. ती आली नाही. उलट मखरात चढली आणि बाप्पाच्या उजव्या हातावरची सोनेरी बाही काढली.

हात मनगटापासून तुटलेला होता. खळीने चिकटवलेला, त्याभोवती पांढरी कडा सुकलेली.

“नवरात्रात तुटला,” ती म्हणाली. “मी त्याला बांगडी घालत होते. आजी म्हणते तुटलेल्या देवाची पूजा केली की वाईट होतं. आपण रोज केली. म्हणून बाळ येत नाहीये. मम्मी, तू नीट जोडून दे ना. तुला येतं. मग ते येईल.”

दीड महिना हे आठ वर्षांचं पोर बाह्या करत होतं, टोपडी करत होतं, चिमण्या करत होतं. आणि मी पलंगावर पडून त्याचं कौतुक करत होते, की बघा किती माया आहे बाळाची. ती पोर भरपाई करत होती. आई आपल्या तोंडाला शाप देत होत्या. आणि ज्या बाईला खरं माहीत होतं ती मागच्या दाराने जा-ये करत होती.

मी उठले. टाके ओढले गेले, तरी उठले. तिला मखरातून खाली घेतलं आणि म्हटलं, “बाळ येणार नाही, रिद्धी. ते वारलं. भाऊबीजेलाच वारलं. पेटीत नाहीये.”

तिने हातातली सोनेरी बाही मुठीत घट्ट धरली. मग म्हणाली, “हातामुळे?”

इथे ‘नाही’ एवढंच म्हणून भागलं असतं असं कुणाला वाटेल. भागलं नसतं. मुलांना नुसतं ‘नाही’ पटत नाही, त्यांना कारण लागतं, आणि नाही दिलं तर ती आपलं कारण धरून बसतात. कारण माझ्याकडे होतं. मी म्हटलं, हातामुळे नाही. मला आजार झाला होता, रक्ताचा दाब वाढला होता. माझं डोकं दुखत होतं, डोळ्यांपुढे चमकत होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. दवाखान्यात जायचा दिवस होता त्या दिवशी मी गेलेच नाही. आपण कंदील करत होतो ना, त्या दिवशी. आजीने विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं, जाऊन आले म्हणून. गेले असते तरी बाळ वाचलं असतं का ते डॉक्टरांनाही माहीत नाही. पण आजी जे बोलली त्याने झालं नाही आणि तू जे तोडलंस त्यानेही झालं नाही.

हे मी रिद्धीकडे बघून बोलले. आईंकडे बघायची छाती झाली नाही. ताट खाली ठेवल्याचा आवाज आला.

“इतके दिस मी जलतेय,” त्या म्हणाल्या, “आन तू निस्ती बगत व्हतीस, बाय?”

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, “टाके हायेत. वाकू नको.” आणि आत निघून गेल्या. संदेश भिंतीला टेकून उभा होता. त्याचे डोळे भरले होते आणि त्याला माझा राग आला होता, दोन्ही एकदम. तो राग पुढे बरेच महिने टिकला. मी त्याला दोष देत नाही.

रिद्धी रडली नाही. ती मखरातल्या आपल्या वस्तू एक एक करून काढायला लागली. आई थोड्या वेळाने तोंड धुऊन बाहेर आल्या, त्यांनी देवाला हळदकुंकू लावलं, हातावर दही ठेवलं, तुटक्या हातावर.

खाडी

वाजंत्री नव्हती. संदेशने पाट डोक्यावर घेतला, पुढे तो, मागे आम्ही तिघी. लोक दारात उभे राहून बघत होते. मला पाण्यात उतरायला मनाई होती म्हणून मी बांधावर थांबले. रिद्धीने विचारलं, मोरया म्हणायचं का? संदेश म्हणाला, म्हण. ती एकटीच म्हणाली. पुढच्या वर्षी लवकर या हे मात्र तिने गिळलं, आणि आमच्यापैकीही कुणी म्हटलं नाही.

लोक विचारतात, इतकं होऊनही तुझा देवावर विश्वास आहे का. मी शिकलेली, मला वाचायला आवडतं, त्यामुळे मी काहीतरी भारी उत्तर देईन असं त्यांना वाटतं. माझं उत्तर असं आहे. त्याने मला का वाचवलं आणि तिला का नाही, हे मला कळलेलं नाही आणि कळेल असंही वाटत नाही. माझ्या खोटेपणाच्या वेळी तो तिथेच बसला होता आणि काही बोलला नाही, कारण बोलणं माझं काम होतं. बांधावर उभी राहून मी त्याच्याशी कडाकडा भांडले, मनातल्या मनात. पण मूर्ती पाण्यात गेली आणि मला एकदम वाटलं की तिच्याजवळ आता कोण आहे? मी नाही, तिचा बाप नाही. असलाच कुणी तर हाच. दाट केसांची माझी पोर त्याच्या पदरात आहे, आणि ज्याच्याकडे आपलं लेकरू आहे त्याच्यावर विश्वास ठेवण्यावाचून आईला दुसरा रस्ता नसतो. आनंदाने नाही ठेवत मी. पण ठेवते.

परत येताना संदेश आणि आई पुढे गेले. टाक्यांमुळे मी हळू चालत होते, रिद्धी माझ्याबरोबर. बांधावरून घरापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं आता आपल्याला ही कधी माफ करणार नाही. दारापाशी आलो तेव्हा तिने माझा हात सोडला आणि म्हणाली,

“तू मला तरी सांगायचंस ना, मम्मी. मला पप्पांचा नंबर पाठ आहे.”

मी पायरीवर बसले आणि भाऊबीजेपासून पहिल्यांदा मोठ्याने रडले. आईंनी आतून पाणी आणून दिलं.

आता डोकं दुखलं की मी आधी रिद्धीला सांगते. साधं उन्हाचं दुखलं तरी सांगते. ती हातातलं खाली ठेवते, माझ्या कपाळाला हात लावून बघते, आणि बाप ट्रेलरवर असो की गाढ झोपलेला असो, त्याला फोन लावते.